एका आकड्याचे चरित्र

बाजारात गेलेले चतुर गिऱ्हाईक आणि गादीवर बसलेला त्याहून चतुर व्यापारी ह्यांचा संवाद वाचकांपैकी बहुतेकांनी ऐकला असेल. कित्येकांनी त्यात स्वतः भागही घेतला असेल. व्यापारी प्रथम एक भाव उच्चारतो. गिऱ्हाईक हसते, मान हलविते, उठून जाण्याचा आव आणते, पुन्हा बसते, आणि अखेर चार पैसे कमी करवून घेऊन विजयी मुद्रेने घरी परतते. ह्या विजयात एक गोम आहे. वस्तूचे खरे मोल गिऱ्हाइकास ठाऊक नव्हतेच. त्याने जे कमी केले ते व्यापाऱ्याने उच्चारलेल्या आकड्यातून कमी केले. पहिला आकडा दुसरा असता, तर सौदाही दुसऱ्याच ठिकाणी तुटला असता.

बाजारात जे घडते ते विद्वानांच्या सभेत घडत नसेल, अशी आपली सहज समजूत असते. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी आम्ही येथे एका आकड्याचे चरित्र सांगणार आहोत. हा आकडा एका थोर पंडिताच्या लेखणीतून १८५९ साली बाहेर पडला. तो केवळ अदमासाचा आहे, असे त्या पंडितानेच पुढे वारंवार बजावले. तरीही तो शाळेच्या पुस्तकांत, ज्ञानकोशांत आणि वादविवादांत जाऊन असा बसला, की त्याचे समर्थन करणारे आणि त्याच्यावर तुटून पडणारे, दोघेही त्याच्याच भोवती फिरत राहिले. तो आकडा म्हणजे ऋग्वेदाचा काळ : इसवी सनापूर्वी १२००.

चरित्राकडे वळण्यापूर्वी मनाच्या एका धर्माविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९७४ साली एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमान ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' ह्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. त्यात एका प्रयोगाची हकीकत आहे. जत्रेत असते तसे आकड्यांचे एक चक्र लोकांसमक्ष फिरवावयाचे. ते जेथे थांबेल तो आकडा त्यांना दाखवावयाचा. आणि मग विचारावयाचे, की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतील देशांचे प्रमाण शेकडा इतक्याहून अधिक आहे की कमी, आणि तुमचा स्वतःचा अंदाज काय? ज्यांच्यापुढे चक्र १० वर थांबले त्यांच्या अंदाजांचा मध्य २५ आला. ज्यांच्यापुढे ते ६५ वर थांबले त्यांचा मध्य आला ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीइतका संबंध नाही, हे प्रत्येकास दिसत होते. तरीही त्या आकड्याने आपले काम केलेच. अचूक उत्तरास बक्षीस ठेवूनही त्याचा प्रभाव ओसरला नाही.

त्याच लेखातील दुसरा प्रयोग याहून साधा आहे. एक ते आठ ह्या अंकांचा गुणाकार पाच सेकंदांत अदमासाने सांगावयाचा. ज्या विद्यार्थ्यांना तो एकापासून चढत्या क्रमाने लिहून दाखविला त्यांच्या उत्तरांचा मध्य ५१२ निघाला. ज्यांना आठापासून उतरत्या क्रमाने दाखविला त्यांचा २,२५०. खरे उत्तर ४०,३२० आहे! आरंभी जे हाताला लागले त्यावरून दोन्ही वर्ग निघाले, थोडे पुढे सरकले, आणि मुक्कामाच्या फार अलीकडे थांबले.

मनाच्या ह्या धर्मास शास्त्रज्ञांनी गलबताच्या नांगराची उपमा दिली आहे. आपल्या भाषेत नांगर म्हटला की प्रथम शेत आठवते. परंतु येथे दर्यावर्दीचा नांगर समजावयाचा. नांगरलेले गलबत अगदीच निश्चल नसते. ते वाऱ्यावर डोलते, भरतीओहोटीबरोबर तोंड फिरविते, थोडे पुढेमागे होते. मात्र साखळीच्या लांबीबाहेर जात नाही. नांगर बुद्धीला दोन प्रकारे धरतो. एक तर पहिल्या आकड्यापासून दूर जाताना आपण पुरेसे दूर जात नाही; 'आता शक्य कोटीत आलो' असे वाटताच थबकतो. दुसरे असे की, आकडा एकदा मनात आला म्हणजे त्याला जुळणाऱ्या गोष्टी आधी आठवतात आणि न जुळणाऱ्या मागे राहतात. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यात मनुष्यास आपण पुराव्यावरूनच चाललो आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते.

आता मूळ विषयाकडे येऊ. हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासात ग्रंथांची समृद्धी मोठी, पण तारखांची वाण फार. ह्या अथांग पाण्यात पहिला खरा नांगर पडला तो १७९३ साली. ग्रीक लेखकांनी उल्लेखिलेला 'सँड्रोकोट्टस' म्हणजेच आपला चंद्रगुप्त मौर्य होय, हे सर विल्यम जोन्स ह्यांनी त्या वर्षी कलकत्त्यास जाहीर केले. येथे परस्परांस न ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांची एकवाक्यता झाली : एकीकडे अलेक्झांडरच्या स्वारीनंतरचा ग्रीक इतिहास, दुसरीकडे आपल्या राजवंशांची परंपरा. हा नांगर तळाला टेकला होता. म्हणूनच मौर्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस ठेवताना आजही कोणास फारसा संकोच वाटत नाही.

परंतु मौर्यांच्या मागे काय? तेथे मॅक्समुल्लर पुढे सरसावले. हे जर्मन पंडित ऑक्सफर्ड येथे राहून सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढण्याच्या प्रचंड उद्योगात गुंतलेले होते. तो उद्योग १८४९ पासून १८७४ पर्यंत चालला. मध्यंतरी, ऐन पस्तिशीत असताना, १८५९ साली त्यांनी प्राचीन संस्कृत वाङ्मयाचा इतिहास लिहिला. त्यात वैदिक वाङ्मयाचे चार थर त्यांनी कल्पिले : छंद, मंत्र, ब्राह्मण आणि सूत्र. बुद्धाच्या उपदेशाच्या पाठीमागे वैदिक वाङ्मय उभे आहे, त्या अर्थी त्याचा मुख्य भाग बुद्धापूर्वीचा. सूत्रकाळ त्यांनी इसवी सनापूर्वी ६०० ते २०० असा धरला. मग एकेका थरास दोनशे वर्षे देत ते मागे गेले. ब्राह्मणकाळ ८०० ते ६००, मंत्रकाळ १००० ते ८००, छंदकाळ १२०० ते १०००. अशा रीतीने ऋग्वेदातील प्राचीनतम सूक्तांस बाराशेचा आकडा लाभला.

ह्या मांडणीत दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत हे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. थरांचा क्रम हे ज्ञान होते. सूक्तांचे विवरण ब्राह्मणे करतात, म्हणून सूक्ते आधीची. ब्राह्मणांतील विधींची सूत्रे टिपणे करतात, म्हणून ब्राह्मणे सूत्रांआधीची. ह्यास भाषेचीही साक्ष आहे. परंतु थराथरांमधील अंतर हा निव्वळ अंदाज होता. दोनशेच वर्षे का? दीडशे का नव्हेत, पाचशे का नव्हेत? ह्यास पुस्तकात पुरावा नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. क्रमाच्या खरेपणाचे तेज अंतराच्या आकड्यांवर पडले, आणि दोन्ही सारखीच खरी भासू लागली.

मॅक्समुल्लर ह्यांच्या समकालीनांना हे दिसले नाही असे नाही. सूत्रकाळाच्या मांडणीत कात्यायनाचा काळ ठरविताना त्यांनी 'कथासरित्सागरा'तील एका कथेचा आधार घेतला होता. त्या कथेत नंदराजाचा मंत्री झालेला वररुची, म्हणजेच कात्यायन, आपला वृत्तांत विंध्याटवीतील एका पिशाच्चास सांगतो. हा ग्रंथ रचणारा सोमदेव अकराव्या शतकातील काश्मीरचा कवी! गोल्डस्टुकर ह्यांनी १८६१ साली पाणिनीवरील आपल्या ग्रंथात ह्या भुताच्या गोष्टीवर उभारलेल्या कालगणनेची चांगलीच हजेरी घेतली. इतरांनी दोनशे वर्षांच्या मापावर आक्षेप घेतले. मॅक्समुल्लर ह्यांनी ते प्रांजळपणे मान्य केले. आपल्या तारखा केवळ गृहीतकाच्या स्वरूपाच्या आहेत, कमीत कमी इतका काळ गेला असावा एवढेच आपणास म्हणावयाचे होते, असा खुलासा त्यांनी केला. १८९० साली ग्लासगो येथे दिलेल्या गिफर्ड व्याख्यानांत तर ते ह्याहून पुढे गेले. वैदिक सूक्ते इसवी सनापूर्वी १००० वर्षे रचली गेली, की १५००, की २०००, की ३०००, हे पृथ्वीवरील कोणतीही शक्ती निश्चित करू शकणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

चक्र फिरविणाऱ्यानेच 'हे चक्र आहे, ह्याचा भरवसा धरू नका' असे सांगितल्यासारखेच हे झाले. परंतु तोवर आकडा आपल्या जनकाच्या हाताबाहेर गेला होता. मॅक्समुल्लर ह्यांनी ऋग्वेदाचा काळ 'सिद्ध केला' असे म्हणण्याचा परिपाठ पडत चालला, त्याबद्दल व्हिटनी ह्या अमेरिकन पंडितास इतरांची कानउघाडणी करावी लागली. भारतीय वाङ्मयाचा प्रसिद्ध इतिहासकार विंटरनित्स ह्याने मागाहून ह्या सर्व प्रकाराचा आढावा घेताना मोठ्या मार्मिकतेने दाखविले आहे, की नवा असा कोणताच पुरावा पुढे आलेला नसताना केवळ कालांतराने त्या कल्पित तारखेस शास्त्रीय सिद्धांताची प्रतिष्ठा आली. तो आणखी एक गोष्ट नमूद करतो. श्रोडरसारखे काही थोडे पंडित भीत भीत १५०० पर्यंत, फार तर २००० पर्यंत मागे जाण्याचे धाडस करीत. 'भीत भीत' हे वर्णन वाचताना आम्हास ते बाजारातील गिऱ्हाईक आठवल्यावाचून राहिले नाही. १८५९ साली दोनशेऐवजी पाचशे वर्षांचे माप हाती घेतले गेले असते, तर १५०० म्हणणारा मनुष्य धाडसी न ठरता अतिसावध ठरला असता!

१८९३ साली मात्र साखळीला जबरदस्त हिसका बसला. जर्मनीत बॉन येथे हर्मान याकोबी आणि पुण्यास बाळ गंगाधर टिळक हे दोघे, एकमेकांच्या कामाची वार्ता नसताना, एकाच दिशेने जाऊन पोहोचले. टिळकांचा 'ओरायन' त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातील युक्तिवादाचे बीज ज्योतिषात आहे. वसंतसंपात स्थिर नसून नक्षत्रांतून हळूहळू मागे सरकतो. त्याची एक पूर्ण प्रदक्षिणा सुमारे २६ हजार वर्षांत होते, म्हणजे एक नक्षत्र ओलांडण्यास त्यास साडेनऊशे वर्षांवर काळ लागतो. तेव्हा संपात अमुक नक्षत्री असल्याचे स्मरण एखाद्या ग्रंथात सापडले, तर त्या स्मरणाचा काळ गणिताने काढता येतो. वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा टिळकांस ऋग्वेदातील कथांत आणि 'आग्रहायणी'सारख्या नावांत दिसल्या. त्यावरून त्यांनी इसवी सनापूर्वी ४००० ते २५०० हा मृगशीर्षकाळ ठरविला. थोड्याच काळात शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनी शतपथ ब्राह्मणातील, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, ह्या वचनावरून त्या स्थळाचा काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास आणला.

पाश्चात्त्य पंडितांत मोठा गिल्ला झाला. ब्यूलरसारख्या साक्षेपी विद्वानाने अनुकूलता दर्शविली. व्हिटनी, ओल्डेनबर्ग व थीबो ह्यांनी विरोध केला. विरोधकांचे आक्षेप पोकळ नव्हते. वैदिक ऋषींस संपातबिंदूचे काटेकोर ज्ञान होते हे कशावरून? कथेतील मृग आणि आकाशातील मृग ह्यांची सांगड कवीने घातली की संशोधकाने? पूर्वेपासून न ढळण्याचा अर्थ गणिती काटेकोरपणे घ्यावा काय? हे प्रश्न रास्त होते, आणि आजही बहुतेक अभ्यासक ज्योतिषाचा हा पुरावा निर्णायक मानीत नाहीत. टिळक व याकोबी ह्यांचा पक्ष सिद्ध झाला असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. ४००० म्हणणाऱ्यास प्रत्येक पायरीस पुरावा मागितला गेला, आणि तो मागणे योग्यच होते. परंतु १२०० म्हणणाऱ्यास पुरावा कोणी मागत नसे. एका आकड्याने प्रतिवादी म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावयाचे, आणि दुसऱ्याने, त्याच्यापाशी साक्षीदार नसताना, न्यायाधीशाच्या आसनावर बसावयाचे! नांगराचे खरे सामर्थ्य येथे दिसते. तो आपणास चुकीचे उत्तर देतोच असे नाही; पुराव्याचा भार कोणावर, हे मात्र तो कोणास न विचारता ठरवून टाकतो.

येथवरची हकीकत वाचून स्वाभिमानी वाचकास थोडे समाधान वाटले असेल, तर त्याने क्षणभर थांबावे. कारण महाराष्ट्रात दुसरा नांगर पडला होता. ज्या घरांत टिळकांचे नाव आदराने घेतले जाई, त्या घरांत ४००० हा आकडा लहानपणीच कानी पडे. तो ज्यांच्या मनात प्रथम शिरला, त्यांना १२०० म्हणणारा प्रत्येक मनुष्य वेदद्वेष्टा किंवा परक्यांचा भाट भासू लागला. टिळकांनी आपले म्हणणे गणिताने व ग्रंथांतरीच्या प्रमाणांनी मांडले होते आणि ते तपासून पाहण्याचे आवाहन केले होते. त्यांच्या मागून येणाऱ्यांपैकी पुष्कळांनी प्रमाणे बाजूस ठेवून आकडा तेवढा उचलला. प्राचीनतेत गौरव मानण्याची हौस जेथे असते तेथे मोठा आकडा जड वाटत नाही, आणि कमी लेखण्याची सवय जेथे असते तेथे लहान आकडा खुपत नाही. ऑक्सफर्डच्या आकड्यास अधिकाराची साखळी होती, पुण्याच्या आकड्यास प्रेमाची. दोन्ही साखळ्या सारख्याच बळकट निघाल्या.

पुढे भूमीने स्वतः साक्ष देण्यास आरंभ केला. आशिया मायनरमध्ये बोगाझकोय येथे विंक्लर ह्याने १९०६ सालापासून केलेल्या उत्खननात हित्ताइत व मितानी राजांमधील तह सापडला. तो इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकातील असून त्यात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य ह्या देवतांची नावे साक्षीस घेतलेली आहेत. १९२४ साली सर जॉन मार्शल ह्यांनी हडप्पा व मोहेंजोदडो येथील संस्कृतीचा शोध जगास जाहीर केला. आता तरी जुना आकडा बाजूस राहील असे वाटावे; परंतु झाले उलटेच. आर्य इसवी सनापूर्वी १५०० च्या सुमारास आले, हा समज त्याच जुन्या साखळीच्या टप्प्यातील होता. सर मॉर्टिमर व्हीलर ह्यांनी १९४६ साली हडप्पा येथे तटबंदी उकलली, आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या अहवालात पुरे फोडणाऱ्या इंद्रावर त्या नगरांच्या विध्वंसाचा आरोप ठेवला. मोहेंजोदडोच्या गल्लीबोळांत सापडलेले सांगाडे हे त्या कत्तलीचे बळी मानले गेले. तारीख आधीच मनात होती. सांगाडे तिला जुळले. जॉर्ज डेल्स ह्यांनी १९६४ साली ते सांगाडे एका काळाचे नाहीत आणि कत्तलीस पुरावा नाही असे दाखवून दिले. कर्बकालमापनानेही त्या नगरांचा भरभराटीचा काळ इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास संपल्याचे ठरले. मधली काही शतके रिकामी पडली, आणि इंद्र आरोपातून सुटला.

मग आज ऋग्वेदाचा काळ कोणता मानतात? बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ व इतिहासकार तो इसवी सनापूर्वी १५०० ते १००० ह्या मर्यादेत ठेवतात. पण त्यांची कारणे दोनशेच्या मापाची नाहीत. मितानी तहातील नावांची भाषा आणि ऋग्वेदाची भाषा ह्यांतील नाते. आऱ्यांच्या चाकांचा हलका रथ, जो जगात कोठेही इसवी सनापूर्वी २००० च्या फारसा आधी सापडत नाही. लोखंडाचा स्पष्ट उल्लेख अथर्ववेदात येतो, ऋग्वेदात येत नाही, ही गोष्ट. अशा स्वतंत्र दोऱ्यांनी तो निष्कर्ष विणलेला आहे. ह्या दोऱ्यांविषयीही मतभेद आहेत आणि वाद चालू आहे. म्हणजे मॅक्समुल्लर ह्यांचा अंदाज फारसा चुकला नव्हता असे ठरण्याचा संभव बराच आहे. वाचक विचारतील, मग एवढा खटाटोप कशासाठी? त्यास आमचे उत्तर असे की, बंद पडलेले घड्याळही कधी योग्य वेळ दाखविते. म्हणून वेळ पाहण्यासाठी कोणी त्याकडे जात नाही. १९०० साली १२०० म्हणणे आणि आज रथ, लोखंड व तह पुढे ठेवून त्याच्या आसपास म्हणणे, ह्यांत आकडा जवळजवळ तोच असला तरी एक ऐकीव आहे आणि दुसरे ज्ञान आहे.

एक सावधगिरीची सूचनाही येथे केली पाहिजे. चक्राचा प्रयोग एका मनुष्याच्या क्षणभराच्या अंदाजाविषयी आहे, आणि आम्ही सांगितलेली कथा अनेकांच्या अनेक पिढ्यांची आहे. तीत मनाच्या ह्या धर्माबरोबर गुरूवरील श्रद्धा, सत्तेचा दाब, पाठ्यपुस्तकांचा आळस हेही मिसळलेले आहेत. सर्वच भार एका मानसशास्त्रीय नियमावर टाकणे म्हणजे आणखी एक नांगर टाकणे होईल. तथापि विद्वत्ता हे ह्या धर्मावरील औषध नव्हे, एवढे प्रयोगांनी दाखविले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात कायद्याच्या जाणकारांस चोरीचा एक खटला वाचावयास देऊन फासे टाकावयास लावले. ज्यांच्या फाशांवर ३ पडले त्यांनी सरासरी सुमारे ५ महिन्यांची शिक्षा सुचविली; ज्यांच्या फाशांवर ९ पडले त्यांनी सुमारे ८ महिन्यांची!

औषध जे थोडेबहुत सापडले आहे ते साधे आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका जर्मन अभ्यासात मोटारींच्या जाणकारांस एका जुन्या मोटारीची किंमत ठरविण्यास सांगितले, आणि त्यांच्यापुढे आधी एक आकडा ठेवला. ज्यांना त्या आकड्याविरुद्ध कोणती कारणे देता येतील असे विचारले गेले, त्यांच्यावर नांगराची पकड सैल झाली. 'हा आकडा खोटा असेल तर तो कशाकशाने असेल?' हा प्रश्न मनास मुद्दाम विचारावा लागतो. तो आपण होऊन सुचत नाही. आपल्या पूर्वजांनी वादात पूर्वपक्ष प्रथम आणि तोही सबळ मांडण्याची जी शिस्त घालून दिली, तिची येथे आठवण होते.

ह्या चरित्राच्या अखेरीस एक प्रसंग सांगून आम्ही वाचकांची रजा घेतो. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांस कारावास झाला. त्यांच्या सुटकेसाठी विलायतेत जो अर्ज करण्यात आला त्यात मॅक्समुल्लर ह्यांनी पुढाकार घेतला. इतकेच नव्हे, तर आपण संपादिलेल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यांनी टिळकांकडे धाडली, आणि ती तुरुंगात त्यांच्या अभ्यासास उपयोगी पडली. एकाचा आकडा १२००, दुसऱ्याचा ४०००. मधील अंतर २,८०० वर्षांचे. त्या दोघांमध्ये जे पुस्तक गेले त्यात सूक्ते होती, भाष्य होते, पाठभेद होते. तारीख सूक्तांत कोठेच नव्हती. आपल्या घरी वेदांच्या प्राचीनतेची गोष्ट निघेल, आणि कोणी मोठ्याने एखादा आकडा उच्चारील, तेव्हा घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने नम्रपणे एवढेच विचारावे, की हा आकडा प्रथम कोणी सांगितला, आणि तो कशावरून? उत्तर देता आले नाही, तर वडील मंडळींनी रागावू नये.